छत्री ठेवा, काठी घ्या

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. वय ४३, राहायला पुण्यात. उजव्या खुब्यात एव्हीएन (हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचं दुखणं) निघालाय आणि डॉक्टरांनी बाहेर जाताना काठी वापरायला सांगितलीये. काठी आणली, पण तीन आठवडे झाले ती दाराआडच उभी आहे. आई म्हणते, लांब दांड्याची छत्री घेऊन जा, कुणाला कळायचं नाही. बाजारात, लग्नकार्यात लोक 'इतक्यात काठी?' म्हणतात ते नको वाटतं. तर छत्रीवर भागेल का? आणि काठीच घ्यायची झाली तर भाजी, बँक, बस हे सगळं एका हाताने करायचं कसं?

ताई, मी २४ वर्षं फिजिओथेरपी करतेय. छत्रीवाले दर वर्षी दोन-चार तरी भेटतात. मे महिन्यात, भर उन्हात, काळी लांब छत्री मिटून टेकत आत येतात. उन्हासाठी म्हणावं, तर ती उघडलेलीही नसते. त्यामुळे आधी छत्रीचं उरकून टाकते, कारण तिचं उत्तर सोपं आहे: नको. छत्रीच्या टोकाला धातूचं नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकचं बोंडूक असतं, ते ओल्या फरशीवर सर्रकन जातं. तिची उंची तुमच्या मापाची नसते. दांडा कापड पेलायला केलेला असतो, माणूस पेलायला नाही. आणि आई जो तिचा फायदा सांगतात तोच मला तिचा सगळ्यात मोठा तोटा वाटतो. कुणाला कळत नाही, म्हणून कुणी थांबत नाही. छत्रीवाली बाई लंगडताना दिसली की मागचा माणूस वैतागतो. काठीवाली दिसली की बहुतेक वेळा तोच माणूस बाजूला होतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय 'लोकांच्या नजरा', पण मला तुमच्या शेवटच्या ओळीत जास्त दम वाटला: एका हाताने करायचं कसं. बाहेर जाणं सोडलेली माणसं माझ्याकडे येतात, ती सगळी 'लोक बघतात' असंच सांगतात. जरा खोदून विचारलं की एक ठरावीक दिवस निघतो. त्या दिवशी गल्ल्यापाशी काठी पडलेली असते, ती उचलायला वाकताना पर्समधली चिल्लर सांडलेली असते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी सुस्कारा सोडलेला असतो. तेव्हापासून बाजार बंद. म्हणजे नजर आणि धांदल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. धांदल झाली की नजरा वळतात आणि नजरा वळल्या की धांदल वाढते. नजरा तुमच्या ताब्यात नाहीत. धांदल बऱ्यापैकी आहे.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीच्या शेवाळलेल्या पायरीवरून मी घसरले, घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर दहा आठवडे काठी होती. पहिल्याच आठवड्यात एका बँकेत गेले. फॉर्म भरायला काठी काउंटरला टेकवली, ती खाड्कन पडली. सगळी शाखा वळून बघायला लागली. उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा पडली. तेव्हा दारावरचे काका धावत आले, 'द्या मॅडम, मी ठेवतो' म्हणाले आणि लांबच्या कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली. मनाने फार चांगला माणूस. पण मी काउंटरपाशी खुंटीला बांधल्यासारखी उभी. सोळा वर्षं लोकांना काठीने चालायला शिकवत होते, पण थांबल्यावर ती ठेवायची कुठे हे एकालाही शिकवलं नव्हतं! तेव्हापासून माझ्या क्लिनिकमध्ये एक लुटुपुटूचा बाजार असतो. एक टेबल, दोन किलो बटाटे, कापडी पिशवी, सुटे पैसे. काठी घेणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे बटाटे विकते.

पुढे जायच्या आधी एक सांगते. खाली लिहिलेलं बरंचसं तुमच्यासारख्या एका खुब्याच्या दुखण्यासाठी आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला काठी कुठल्या हातात घ्यावी याची निवडच नसते. पार्किन्सनमध्ये किंवा तोल जाण्याच्या तक्रारीत हिशेबच वेगळा. आणि डॉक्टरांनी 'त्या पायावर भार टाकायचाच नाही' असं सांगितलं असेल तर एका काठीने भागत नाही, वॉकर नाहीतर कुबड्या लागतात. काठी फार तर शरीराच्या वजनाच्या पाव भागाइतका भार घेते. तेव्हा तुम्हाला भार किती टाकायची परवानगी आहे, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या.

एव्हीएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तिथलं हाड मरत जाणं. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं, पण कोविडनंतर तिशी-चाळिशीतले बरेच पेशंट यायला लागले. काठीने ते हाड बरं होत नाही, पण गोळ्यावरचा दाब कमी होतो. चालताना एका पायावर उभं राहण्याच्या क्षणी खुब्यावर तुमच्या वजनाच्या जवळजवळ अडीच ते तीनपट दाब येतो. कारण वजनाव्यतिरिक्त खुब्याबाहेरचे स्नायू ओटीपोटाची बाजू वर धरून ठेवायला जोरात ओढत असतात, त्यांचाही दाब त्याच सांध्यावर पडतो. काठी उलट्या हातात, म्हणजे तुमच्या बाबतीत डाव्या हातात घेतली की त्या स्नायूंचं काम हलकं होतं. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ ढकलून बघा. काठी कडीच्या बाजूला असते, म्हणून थोड्या जोरात काम होतं. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली तर तुम्ही बिजागरीशी झटापट करताय. सिनेमात बहुतेक वेळा तशीच धरलेली दिसते, आणि माझे निम्मे पेशंट पहिल्या दिवशी तशीच धरून येतात. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत.

आता पिशवी. इथे जवळजवळ सगळे चुकतात. उजवा खुबा दुखतो म्हणून ओझं डाव्या हातात, असं मनाला वाटतं. खुब्याच्या बाबतीत ते उलटं आहे. डाव्या हातातलं ओझं उजव्या खुब्याच्या त्याच स्नायूंना आणखी राबवतं. म्हणून डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात, दुखऱ्या बाजूलाच, पिशवी. वजन दोन-तीन किलोच्या आतबाहेर ठेवा. त्याहून जड काही कुठल्याच हातात नको, ते घरपोच मागवा नाहीतर सॅकमध्ये पाठीवर घ्या. पिशवी काठीच्या मुठीला अडकवू नका, काठी झुलते आणि टेकायच्या वेळी भलतीकडे टेकते. चाकांची भाजीची ट्रॉली चालेल, पण ती आधार नव्हे. तिच्यावर रेललात तर ती तुमच्या आधी घरी पोचेल.

म्हणजे एक हात काठीला, दुसरा पिशवीला. पैसे कोण देणार? यासाठी फोन गळ्यात दोरीला असावा आणि छोटी पर्स आडव्या पट्ट्याची, छातीवर. क्यूआर कोडने हा प्रश्न केवढा सोपा केलाय, हे धडधाकट माणसाला कळायचं नाही. २०१७ मध्ये मी ओठात नोट धरून सुटे मोजलेत! थांबलं की आधी पिशवी खाली ठेवा, मग काठी कोपराच्या आत हातावर अडकवा, मग फोन काढा. छत्रीसारखी वळलेली मूठ हातावर अडकते, सपाट मूठ अडकत नाही. सपाट मूठ तळव्याला जास्त सुखाची असते, म्हणून लांब चालणाऱ्यांना मी तीच देते. मग मनगटात अडकवायची दोरी लावायची, किंवा काउंटरच्या कडेला काठी धरून ठेवणारी छोटी क्लिप मिळते ती घ्यायची. दोरी मात्र जिन्यावर आणि बसमध्ये चढताना मनगटात नको. पाय चुकला तर काठी सोडून देता आली पाहिजे.

मंडईत जाणार असाल तर सकाळी पहिल्या तासात जाऊ नका. तेव्हा गाळ्यांवर पाणी मारलेलं असतं, पायाखाली कोथिंबिरीच्या काड्या आणि कोबीची पानं पडलेली असतात. भाजीवालीला सरळ सांगा, 'मावशी, पिशवी धरा, तुम्हीच टाका.' रोजची भाजीवाली आठवडाभरात तुमची पिशवी न सांगता धरायला लागेल. निवडून, दाबून भाजी घेण्याचा हक्क थोडा सोडावा लागेल, आणि तो सोडणं माझ्या काही पेशंटना काठीपेक्षा जड गेलंय.

चढ-उताराचा नियम एकच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. जिना, फुटपाथची कड, रिक्षा, बस, सगळीकडे हाच. कठडा असेल तर एक हात कठड्यालाच. मोटारीत मात्र पाठ सीटकडे करून आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. सीट खोल असेल तर खाली घट्ट उशी ठेवा. बससाठी थांब्यावर पुढे उभ्या राहा आणि काठी चालकाला दिसेल अशी धरा. घडीची काठी मिटून पर्समध्ये ठेवून बसची वाट बघणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग बस झटक्यात सुटली की चालकावर चिडतात. त्याला कळणार कसं? चढल्यावर पहिलं काम बसायचं, तिकीट नंतर. मेट्रोला लिफ्ट आहे, ती शोधा. सरकत्या जिन्यावर सध्या नको.

पावसाळ्यात रेनकोट घाला. छत्री आणि काठी दोन्ही घेतल्यावर उरलेला हात शून्य. काठीच्या टोकाचं रबर गाडीच्या टायरसारखं बघायचं: तळाची वर्तुळं झिजून सपाट झाली की बदलायचं. नवं रबर थोड्या रुपयांत मिळतं, पण आपल्या नळीच्या जाडीचं माप घेऊन जा. ओल्या रस्त्यावरून चकचकीत फरशीवर आलात की दारातच थांबा, रबर पुसा, मग पाऊल टाका. मी पर्समध्ये एक फडकं ठेवायचे. त्याचा दुसराही उपयोग झाला. कुणाच्या घरी गेलं की घरातली बाई तोंडाने 'या या' म्हणते, पण तिचे डोळे काठीच्या टोकाकडे असतात. बाहेरची वस्तू थेट हॉलमध्ये येतेय, देवघरही तिथेच आहे. दारात फडक्याने टोक पुसलं की तिचा चेहरा मोकळा होतो. यात अपमान मानू नका. चपला काढतो तसंच आहे ते. देवळात 'काठी बाहेर ठेवा' म्हणाले तर मात्र ऐकू नका. हसून सांगा, 'हा माझा पाय आहे हो, तो कसा बाहेर ठेवू?' टोक पुसून दाखवा. मला आजवर दोनदाच अडवलंय आणि दोन्ही वेळा एवढ्यावर सोडलंय. चपला मागे पट्टा असलेल्या घाला आणि काढायला बसायची जागा आधी हेरून ठेवा.

लग्नातला बुफे हा काठीवाल्याचा खरा शत्रू. डाव्या हातात काठी, उजव्या हातात ताट, जेवायचं कशाने? आधी खुर्ची धरा, मग कुणाला तरी ताट वाढून आणायला सांगा, बाजारातल्यापेक्षा इथे ते सोपं जातं. पंगत टेबल-खुर्चीची असेल तर तिकडे सरळ पहिल्या पंगतीला बसा. मांडी घालून जमिनीवर बसणं तुमच्या खुब्याला नको. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कारही नको. काठी हातावर अडकवून हात जोडा. एखाद्या मावशींना ते खटकेल, खटकू द्या.

आता माणसं. 'इतक्यात काठी?' या प्रश्नाला तुम्ही आजाराचा सगळा इतिहास सांगायला लागता, असा माझा अंदाज आहे. बहुतेक जण तेच करतात आणि घरी येतात ते थकून. एक वाक्य तयार ठेवा आणि घरात दहा वेळा मोठ्याने म्हणा: 'खुब्याचं दुखणं आहे, उपचार चालू आहेत.' त्याला लागूनच समोरच्याला काहीतरी विचारा: 'तुमची सून आली का परत?' विचारणाऱ्याला बहुतेक वेळा बोलायला विषय हवा असतो, तुमचा एमआरआय नको असतो. त्यातूनही कुणी तेल सुचवेल, कुणी हाड बसवणारा सांगेल. 'डॉक्टरांना विचारते' म्हणून विषय संपवा. हाड बसवणाऱ्याकडे मात्र खरोखर जाऊ नका.

मदत करणारे जास्त धोक्याचे, कारण त्यांच्यावर रागावता येत नाही. रस्ता ओलांडताना कुणीतरी येतं आणि नेमका काठीचाच हात दंडाला धरतं. काठी अधांतरी, तोल गेला. त्यांना झिडकारू नका, पण लगेच सांगा, 'मला धरू नका, मी तुमचा हात धरते.' आणि मोकळ्या हाताने त्यांचं कोपर धरा. एवढा बदल पुरतो.

तिसरी तऱ्हा राखीव जागेवर भेटते: 'तुम्ही तर चांगल्या दिसता.' एव्हीएन चेहऱ्यावर दिसत नाही, त्यामुळे समोरच्याचंही फार चुकत नाही. वाद घालू नका. बसलेल्या माणसाचं नावगाव आपल्याला माहीत नसतं, म्हणून त्याला थेट खूण करून बोला: 'दादा, निळा शर्ट, मला उभं राहता येत नाही, जागा देता का?' सगळ्या बसला उद्देशून बोललं की कुणीच उठत नाही. चौथी तऱ्हा दुकानदारांची. यजमान बरोबर असले की साडी तुमची आणि प्रश्न त्यांना: 'मॅडमना कुठला रंग दाखवू?' यजमानांना सांगून ठेवा, अशा वेळी त्यांनी खुशाल मोबाईलमध्ये डोकं घालावं. एरवी नाही, एवढ्यापुरतं.

लहान मुलांना मात्र नीट उत्तर द्या. लिफ्टमध्ये एका मुलाने मला विचारलं होतं, 'काकू, ही काठी छोटी होते का?' आईने त्याला चिमटा काढला. मी बटण दाबून काठी दोन भोकं खाली करून दाखवली. पुढचे दोन महिने तो लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवायचा.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण पुढे लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. नुसती काठी हातात आहे म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी रुग्णालयात तपासून टक्केवारी ठरते आणि त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, कार्डावर सवलत त्याहून जास्त मिळते. मुंबईला लोकलच्या दिव्यांग डब्यात मात्र कार्ड नसताना नुसत्या काठीवर चढू नका. आणि काठी पांढरी घेऊ नका. पांढरी काठी अंध व्यक्तींची असते, गाडीवाले तिचा अर्थ तसाच घेतात.

सुरुवात लग्नापासून नको. पहिले चार दिवस दुपारी सोसायटीच्या आवारात, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून एकच वस्तू, समजा दूध. काठी, पिशवी, फोन हा क्रम तिथे हाताला बसू द्या. मग मंडई, मग बस. पहिल्यांदा ओळखीच्या दुकानात जायचं की अनोळखी, यावर माझ्या पेशंटमध्ये दोन तट आहेत. ओळखीचे लोक प्रश्न विचारतात पण मदतही करतात. मी स्वतः दोन गल्ल्या सोडून, जिथे कुणी ओळखत नाही तिथे गेले होते. तुम्हाला जे सोपं वाटेल ते करा.

आणि आज रात्रीच एक काम. बाहेर घालता त्याच चपला घालून सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा, आणि आईंना मनगटाची आतली घडी जमिनीपासून किती उंचीवर येते ते मोजायला सांगा. मूठ तेवढ्याच उंचीवर हवी, धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. स्वतः वाकून मोजू नका, माप चुकतं. दुकानातून आणलेली काठी बहुतेक वेळा एक-दोन भोकं उंच निघते, आणि मग खांदा दुखतो म्हणून ती दाराआड जाते. तुमची त्यामुळे तर गेली नाही ना, ते मापून झाल्यावर कळवा.